आयल ऑफ मेची बोट: पफिनसाठी जा, पण शॅगपाशी थोडं थांबा

सेवा: स्कॉटलंडमधल्या ॲन्स्ट्रदर बंदरातून आयल ऑफ मे बेटावर नेऊन आणणारी दिवसाची बोट. पफिन आणि शॅग हे तिथले समुद्रपक्षी. जून 2025 मध्ये मी आणि माझे बाबा गेलो होतो. त्याआधीही मी तीनदा गेले आहे. माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे.

बोट सध्या बंद आहे. साधारण एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत ती चालते, आणि मी हे जानेवारीत लिहिते आहे. उन्हाळ्यात एडिनबराला येणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं, "एका दिवसात होईल असं काय बघू?" किल्ला आणि व्हिस्की तिला कुणीही सांगेल, म्हणून मी या बेटाचं नाव सांगितलं. फोनवर तासभर बोलूनही सगळं सांगून झालं नाही, तेव्हा म्हटलं सविस्तर लिहूनच काढावं. दुसरं कारण असं की परवापासून इथे पूर्वेचा वारा सुटला आहे. तो सुटला की मला ते बेट आठवतं. का, ते पुढे येईलच.

आधी जाण्याचं सांगते. मी कर्कॉडीला राहते, केअर होममध्ये रात्रपाळी करते. आमच्याकडून लेव्हनपर्यंत आता रेल्वे आहे, जून 2024 मध्ये हा बंद पडलेला फाटा पुन्हा सुरू झाला. लेव्हनहून ॲन्स्ट्रदरला बस. एडिनबराहून येणाऱ्यांनाही हाच रस्ता बरा पडतो. गावाचं नाव पाटीवर ॲन्स्ट्रदर असलं तरी जुनी माणसं 'एन्स्टर' म्हणतात, बसमध्ये तसं कानावर आलं तर गोंधळू नका. बंदराला लागूनच मासेमारीचं संग्रहालय आहे आणि फिश अँड चिप्सच्या दुकानांपुढे रांगा असतात. जेवण मात्र परतल्यावर करा, भरल्या पोटी बोटीत चढू नका.

तिकीट आधी काढावं लागतं. मे-जूनच्या शनिवार-रविवारची तिकिटं फार लवकर संपतात. तिकीट स्वस्त नाही. पण त्यात जाणं-येणं, बेटाच्या कड्यांखालून बोटीची एक फेरी आणि बेटावर दोन-अडीच तास मोकळं फिरणं, एवढं सगळं येतं. भरतीप्रमाणे निघायची वेळ रोज बदलते. आम्हा कोकणातल्यांना हे सांगावं लागत नाही, पण शहरातल्यांनी वेळ दोनदा तपासून घ्यावी. वारा वाईट असला तर फेरी रद्द होते. माझी एकदा सकाळी सातला रद्द झाली. त्यांनी स्वतः फोन करून कळवलं आणि पैसे त्याच आठवड्यात परत आले. हे मुद्दाम लिहिते, कारण दुसऱ्या एका किनाऱ्यावरच्या सहलवाल्यांनी माझे पैसे दीड महिना अडकवून ठेवले होते. ज्यांना समुद्र कळतो ती माणसं फेरी रद्द करायला कचरत नाहीत. माझे बाबा वेंगुर्ल्याचे, जन्मभर रापणीवर गेलेले. बोटीत बसताच त्यांनी खलाशाने दोर कसा सोडला ते बघितलं आणि म्हणाले, "माणूस जाणतो आसा." मला एवढं प्रमाणपत्र पुरलं.

किनाऱ्यापासून बेट आठेक किलोमीटर. बोटीत खालच्या मजल्यावर बसायला बंद जागा आहे, वर उघडा डेक. वर बसा, पण जूनमध्येसुद्धा जाड जाकीट आणि कानटोपी हवीच. बाबांना मी दोन स्वेटर घातले होते तरी त्यांनी माझी शाल ओढून घेतली. माझी तक्रार इथलीच, अर्धा तारा तिच्यासाठी कापला. माहिती ध्वनिक्षेपकावरून देतात, ती वाऱ्यात मागच्या बाकांवर ऐकू येत नाही. आणि जी ऐकू येते ती निम्मी पफिनची आणि निम्मी सीलची. बेटावरचे पक्षी बाकीचे सात-आठ महिने कुठे असतात, काय खातात, त्यातले किती परत येतात, याबद्दल चकार शब्द नाही. बोटीत शंभर माणसं कान देऊन बसलेली असतात. तेव्हाच दोन वाक्यं सांगितली तर उतरल्यावर त्यांची नजर वेगळी असेल.

मी पहिल्यांदा या बेटावर का गेले ते आता सांगते.

2018 च्या फेब्रुवारीअखेर सायबेरियाकडून थंडीची लाट आली. इथल्या लोकांनी तिला 'बीस्ट फ्रॉम द ईस्ट' नाव दिलं होतं. बर्फासाठी लाल इशारा निघाला, बस बंद, दिवसपाळीची माणसं पोहोचू शकली नाहीत आणि आम्ही रात्रीच्या तिघीजणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कामावर होतो. लाट ओसरल्यावर एका सकाळी घरी जाताना मी कर्कॉडीच्या चौपाटीवरून चालत होते. समुद्राने रस्त्यावर वाळू, शेवाळ, काठ्या आणून टाकल्या होत्या. त्या शेवाळात एक काळा पक्षी पडलेला दिसला. आधी वाटलं प्लास्टिकची पिशवी आहे. हातमोजे होते म्हणून उचलला, आणि तो इतका हलका लागला की मी दचकले. आपल्या पाणकावळ्याएवढा पक्षी, दीड-दोन किलोचा असायला हवा. छातीवर बोट फिरवलं तर मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं, दोन्ही बाजूंना मांस म्हणून नाही. आमच्याकडे जेवण तुटलेल्या आजी-आजोबांना आंघोळ घालताना बरगड्या हाताला लागतात, तसं. पंखांवर बाटलीच्या काचेसारखी हिरवी झाक होती. आणि एका पायात रंगीत कडं, त्यावर तीन अक्षरं. ती मी पेनने मनगटावर लिहून घेतली.

घरी येऊन शोधलं आणि ती अक्षरं कडी घालणाऱ्या अभ्यासकांना ई-मेलने कळवली. आठवड्याभरात उत्तर आलं. पक्षी शॅग होता, आयल ऑफ मेवर घरट्यात पिल्लू असताना त्याला कडं घातलं होतं. पुढे हिवाळ्यांत कुठकुठल्या बंदरांत लोकांनी त्याला पाहिलं त्या तारखा होत्या, आणि शेवटच्या ओळीत माझी चौपाटी. एका पक्ष्याचा एवढा हिशोब कुणीतरी ठेवतं हे मला माहीतच नव्हतं. त्या जूनमध्ये मी पहिलं तिकीट काढलं.

बेटाकडे परत येते. धक्का पूर्वेच्या बाजूला, खडकांच्या फटीत आहे. उतरल्यावर नेचरस्कॉट या सरकारी संस्थेचे रेंजर पाच मिनिटं बोलतात: पायवाट सोडू नका, आजूबाजूची जमीन पफिनच्या बिळांनी पोखरलेली आहे, पाय पडला तर खाली पिल्लासकट बीळ ढासळेल. हे खरोखर पाळा. मग आर्क्टिक टर्नचा पट्टा लागतो. आपल्याकडे सुरय म्हणतात, त्याच जातकुळीतले. घरटी पायवाटेच्या काठालाच असल्यामुळे ते थेट डोक्यावर चोच मारतात. टोपी घाला, हात उंच धरा आणि न थांबता चाला. चिडू नका, त्यांच्या दारातून आपण चाललेलो असतो. पुढे आयडर बदकाची मादी वाटेपासून हातभर अंतरावर अंडी उबवत बसलेली असते आणि जागची हलत नाही.

पफिनबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यांचे फोटो सगळीकडे आहेत. खरंच तितकेच सुंदर आहेत. एप्रिल ते जुलै असतात, ऑगस्ट लागेपर्यंत निघून जातात. चोचीत चंदेरी सँडईल मासे आडवे धरून ते तुमच्या पायांजवळून धावत बिळात शिरतात. अर्धा तास बघा, पोट भरून फोटो काढा. नंतर पश्चिमेच्या कड्यांकडे या.

तिथे गिलेमॉट, रेझरबिल, किटीवेक या समुद्रपक्ष्यांचा नुसता कल्लोळ असतो, वासही जबरदस्त. नाकाला रुमाल लावायची गरज बाबांना पडली नाही, सुक्या मासळीच्या खळ्यात वाढलेला माणूस तो. खालच्या अंगाला, लाटांपासून फार उंच नसलेल्या कपारींत शॅगची घरटी असतात. शेवाळ, काटक्या, मध्ये निळ्या नायलॉनच्या दोराचे तुकडे. एक मादी, की नर, वरून मला कळत नाही, पंख पसरून उभी होती. खाली दोन पिल्लं, मळकट तपकिरी लोकरीची, मान वर करून चोच उघडून मागत होती. दुर्बिणीतून तिचा डोळा दिसला. गडद हिरवा, पाचूसारखा, आणि चोचीच्या मुळाशी पिवळा रंग.

बाबा कठड्याशी ओणवले. "अगो, ह्यो तर आपलो पाणकावळोच!"

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. वेंगुर्ल्याच्या खाडीत खुंटांवर पाणकावळे असेच पंख वाळवत बसतात, ते त्यांनी आयुष्यभर पाहिलं आहे. थोड्या वेळाने विचारलं, "उनात पंख सुकवतात ता खरा. पण हय उन खय आसा? दिसभर पाऊस पडलो तर ह्यां काय करतलां?"

जवळच रेंजर उभी होती. मी प्रश्न इंग्रजीत सांगितला, तर ती हसली आणि म्हणाली, सगळं त्याच प्रश्नात आहे. मग जवळजवळ वीस मिनिटं ती आमच्याशी बोलली. तिच्याकडून जे ऐकलं आणि त्यानंतर मी जे वाचलं, ते माझ्या शब्दांत असं.

पफिन, गिलेमॉट यांची पिसं पूर्ण जलरोधक. ते महिनोन्महिने भर समुद्रात राहू शकतात. शॅगचं तसं नाही. त्याच्या पिसांचा बाहेरचा भाग भिजतो. त्यामुळे अंगात हवा कमी अडकते, बुडी मारणं सोपं जातं, तळाशी जाऊन मासे पकडता येतात. पण त्याची किंमत म्हणजे रोज किनाऱ्यावर येऊन अंग सुकवावं लागतं. रात्र खडकावर काढायची, दिवसा मासे धरायचे, कारण शॅगला उजेडातच दिसतं. आणि इथला डिसेंबरचा दिवस म्हणजे जेमतेम सात तास. पावणेनऊला उजाडतं, पावणेचारच्या आत सूर्य गेलेला असतो.

आता यात पूर्वेचा वारा घाला. नेहमीचा वारा पश्चिमेचा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, आणि पूर्व किनारा त्या मानाने आडोशाला. वारा फिरून समुद्रावरून किनाऱ्यावर आदळायला लागला की जिथे शॅग मासे धरतात त्या उथळ पाण्यातच लाटा फुटतात, तळ ढवळतो, पाणी गढूळ होतं. बसायच्या खडकांवर लाटा चढतात. वर पाऊस असला तर पिसं सुकतच नाहीत, अंगातली ऊब निघून जाते. भूक वाढते आणि खाणं मिळत नाही. थंडीने थेट गोठून मरण्यापेक्षा हे असं होतं: दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस, छातीचं मांस संपेपर्यंत. फेब्रुवारीत किनाऱ्याकडचा वारा आणि पाऊस एकत्र आले की आयल ऑफ मेच्या शॅगचा मृत्युदर उसळी मारतो, हे अनेक वर्षांच्या नोंदींतून स्पष्ट झालं आहे.

माझ्या हातातला तो पक्षी का इतका हलका होता, ते मला त्या कड्यावर कळलं.

हे बाबांना मालवणीत सांगितलं. ते म्हणाले, "आमका दोन म्हयने मासेमारीक बंदी आसता. पन घरात तांदूळ आसतत, सुकी मासळी आसता. ह्येंच्या घरात काय आसता?" रेंजरला हेही सांगितलं. ती म्हणाली, काहीच नाही. हा पक्षी अंगावर फार चरबी साठवत नाही.

आकडे ऐकले की बेट वेगळं दिसतं. 1987 मध्ये इथे शॅगच्या सुमारे 1,900 जोड्या घरटी करत होत्या. 1994 मध्ये 400 च्या आसपास उरल्या. मधल्या काळात काही वर्षं अनेक जोड्यांनी घरटंच केलं नाही, आणि 1993-94 च्या हिवाळ्यात मोठे पक्षी मोठ्या संख्येने मेले. पुढे 2004-05 चा हिवाळा असाच गेला. हळूहळू संख्या सावरत होती, तोच 2012-13 चा हिवाळा आला आणि लांबला. 2013 च्या मार्चमध्ये पूर्वेचा वारा दिवसच्या दिवस हटला नाही. त्या उन्हाळ्यात आदल्या वर्षीच्या जवळपास निम्म्याच जोड्या कड्यावर दिसल्या. त्याच मार्चमध्ये स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हजारो मेलेले समुद्रपक्षी, मुख्यतः पफिन, वाहून आले. घरट्यांकडे परतायच्या बेतात असतानाच त्यांना वाऱ्याने गाठलं. पुढच्याच हिवाळ्यात, 2014 च्या सुरुवातीला, अटलांटिकवर एकामागून एक वादळं आली आणि फ्रान्सपासून ब्रिटनपर्यंतच्या किनाऱ्यांवर 50 हजारांहून जास्त समुद्रपक्षी मेलेले सापडले. त्यातही सर्वांत जास्त पफिनच. किनाऱ्याला लागतात ते मोजले जातात, बाकीचे समुद्रातच राहतात.

पफिन वर्षाला एकच अंडं घालतो आणि पहिलं अंडं घालायला त्याला साधारण पाच वर्षं लागतात. त्यामुळे एका उन्हाळ्यात पिल्लं गेली तर वसाहत सोसू शकते. मोठे पक्षी गेले तर पुढची कित्येक वर्षं ती खोट भरत नाही. आयल ऑफ मेवर 2003 मध्ये पफिनच्या सुमारे 69 हजार जोड्या होत्या, आणि 2008 च्या मोजणीत त्यातल्या जवळजवळ तिसरा हिस्सा गायब होता. उन्हाळ्यात बेटावर काही मोठं अरिष्ट आलेलं नव्हतं. म्हणून लक्ष हिवाळ्याकडे गेलं, पफिनच्या पायांना दीड-दोन ग्रॅमची छोटी यंत्रं लावली, आणि कळलं की त्यातले बरेचसे नॉर्थ सी सोडून स्कॉटलंडला वरून वळसा घालून थेट अटलांटिकमध्ये जातात. आपल्याला जो पक्षी बिळाच्या तोंडाशी इतका घरगुती वाटतो तो हिवाळा असा काढून आलेला असतो.

रेंजरने सांगितलेली अजून एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली आहे. सगळे शॅग हिवाळ्यात एकसारखं वागत नाहीत. काही बेटाजवळच राहतात, काही किनाऱ्याने शंभर-दोनशे किलोमीटर वर किंवा खाली जातात. एकच पक्षी बहुधा दरवर्षी तेच करतो. बऱ्या वर्षी घरी राहिलेल्यांचं फावतं, त्यांची वीण जास्त यशस्वी होते. पण भयंकर हिवाळा आला की घरी राहिलेले जास्त मरतात आणि गाव सोडून गेलेले वाचतात. म्हणजे दोन्ही रीती टिकून आहेत त्या दोन्ही तऱ्हांच्या हिवाळ्यांमुळे. हे मी बाबांना भाषांतर करून सांगत होते आणि सांगता सांगता माझा आवाज जड झाला. दोन्ही भाऊ वेंगुर्ल्यात आहेत, मी इथे. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि दुर्बीण परत डोळ्यांना लावली.

जो वाचतो त्याच्यावरही हिवाळ्याचा शिक्का राहतो. शॅगच्या पायांना लावलेल्या यंत्रांतून दिसलं की हिवाळ्यात ज्यांना रोज कमी वेळ मासे शोधावे लागले त्यांनी पुढच्या हंगामात अंडी लवकर घातली आणि त्यांची पिल्लंही जास्त जगली. जे दिवसभर बुड्या मारूनही जेमतेम तगले ते उशिरा घरट्यावर आले. म्हणून जूनमध्ये कड्यावर उभं राहिलात की घरटी नीट बघा. एका कपारीत पिल्लं पंख फडफडवण्याएवढी झालेली, शेजारच्या कपारीत अजून उघडी-बोडकी किंवा नुसती अंडी. फरकाला इतरही कारणं असतात, पक्ष्याचं वय असतं. पण फेब्रुवारीचा हिशोबही त्यात असतोच. आम्ही त्या दिवशी बाराएक घरटी अशी वाचत बसलो, आणि बोटीचा भोंगा झाला तेव्हा चहाचा थर्मास उघडायचाही राहून गेला होता.

इतकं सगळं समजतं ते एका कारणाने: कुणीतरी सतत मोजतं आहे. बेटावर 1934 पासून पक्षीनिरीक्षण केंद्र आहे, 1956 पासून राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जा आहे. माइक हॅरिस यांनी 1970 च्या दशकात इथे पफिनचा अभ्यास सुरू केला, आणि यूके सेंटर फॉर इकॉलॉजी अँड हायड्रॉलॉजी या संस्थेची माणसं दर उन्हाळ्यात येऊन घरटी मोजतात, पक्ष्यांच्या पायांतली कडी वाचतात. एखादा भयंकर हिवाळा किती भयंकर होता हे कळायला आधीचे तीस साधे हिवाळे वहीत असावे लागतात. तुमच्या तिकिटाच्या पैशापेक्षा मला या कामाचं मोल जास्त वाटतं, आणि ते काम डोळ्यांसमोर चाललेलं बघता येतं म्हणून या सहलीला मी इतके तारे देते.

सौम्य हिवाळा म्हणजे पक्ष्यांची चंगळ, असं मात्र समजू नका. बोटीतून दक्षिणेला बास रॉक दिसतो, गॅनेट पक्ष्यांनी पांढरा झालेला. त्याच्या पलीकडे नॉर्थ बेरिकसमोर क्रेगलीथ आणि फिड्रा ही छोटी बेटं आहेत. तिथे ट्री मॅलो नावाचं पुरुषभर उंच झाड इतकं माजलं की पफिनना बिळांत शिरता येईना. हे झाड कडक हिमाने मरतं. हिवाळे ऊबदार होत गेले तसं ते पसरत गेलं. 2007 पासून स्वयंसेवक जाऊन ते हाताने तोडतात. मी एकदा गेले होते, दोन दिवस खांदे दुखत होते, पण मोकळ्या झालेल्या उतारावर जुन्या बिळांची तोंडं उघडी पडलेली पाहिली.

आता राहिलेल्या व्यवहाराच्या गोष्टी. बेटावर खायला काही मिळत नाही, डबा न्या. आम्ही घावणे आणि लसणीची चटणी नेली होती. स्वच्छतागृह आणि छोटं माहिती केंद्र आहे, पण आडोसा एवढाच. चढ फार नाही, मात्र पायवाट खडबडीत आहे. बाबा अडुसष्ट वर्षांचे, गुडघे कुरकुरतात, तरी सावकाश सगळीकडे फिरले. बोटीत चढता-उतरताना दोघा खलाशांनी हात दिला. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसांनी आधी फोन करून विचारावं. दुर्बीण नक्की घ्या, साधी असली तरी चालेल. 1816 चं दीपगृह वाटेतच आहे, आणि त्याच्याही आधीचा 1636 चा, कोळसा पेटवून खलाशांना दिशा दाखवणारा मनोरा अर्धा उभा आहे. स्कॉटलंडमधलं हे पहिलं दीपगृह. बाबांनी त्याच्या दगडाला हात लावून नमस्कार केला. पक्ष्यांचे आजार आले तर बेटावर उतरणं बंदही होतं, 2022 च्या जुलैत बर्ड फ्लूमुळे झालं होतं. तेव्हा निघण्यापूर्वी बघून घ्या. आणि वेळ निवडायची असेल तर मेचा शेवट ते जूनचा तिसरा आठवडा. पफिन, शॅगची पिल्लं, टर्न, सगळं एकत्र मिळतं.

पुढच्या उन्हाळ्यात बोटवाल्यांना मी एक विनंती करणार आहे. त्या ध्वनिक्षेपकावरून शॅगच्या पायांतल्या कड्यांबद्दल जरूर सांगा. इथल्या कुठल्याही बंदराच्या भिंतीवर हिवाळ्यात पायात रंगीत कडं असलेला शॅग दिसू शकतो. कड्याचा रंग, कुठल्या पायात आहे आणि त्यावरची अक्षरं, एवढं लिहून कळवलं की त्याच्या हिशोबात एक ओळ वाढते. जिवंत पक्ष्याची ओळ.

काल रात्रपाळीला जाण्याआधी, साडेतीनच्या सुमारास, मी बंदरावर जाऊन आले. वारा ईशान्येचा, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लाटा वरपर्यंत येत होत्या. आतल्या बाजूला आडोशाला अकरा शॅग होते. नऊ जण चोची पिसांत खुपसून बसलेले, दोघे पंख पसरून उभे, पाऊस चालू असतानाही. तिघांच्या पायांत कडी होती. एकाची अक्षरं शेवाळाने झाकलेली, एक पाय आखडून बसलेला. तिसऱ्याची नीट वाचता आली आणि घरी येऊन कळवली. बाबांना व्हिडिओ कॉल केला, त्यांनी पहिलं हेच विचारलं, "कितके आसत?"